वरच्या खोलीची जाळी

सें-सिरील, २ नोव्हेंबर १९८१

प्रिय नार्सिस,

फोनच करणार होते. पण तुझे कान तरुणपणीच लाकडाच्या गिरणीत गेले, आणि आमच्या दोन घरांच्या एकाच लाइनीवर शेजारची जेर्मेन असे कान लावून बसते की तुझ्याआधी तिलाच सगळं कळेल. देवाने तुम्हा दोघांत कान नीट वाटून द्यायला हवे होते. असो. म्हणून कागद.

ओनेझिम अजून इस्पितळातच आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चची प्रार्थना आटोपून त्याच्याकडे गेले, तर डॉक्टरने मला बाहेर बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं. फुप्फुसं संपली आहेत. बरा होण्याची गोष्ट आता कुणी काढत नाही. माझ्या नवऱ्याला हे माझ्याआधीच माहीत होतं म्हणे. त्याचं एकच मागणं आहे, नव्या वर्षाच्या सकाळी आपल्या घरात असायचं.

डॉक्टर सोडायला तयार आहे, पण अट घातली आहे. घरात लाकडाचा धूर नको, आणि ऊब सगळा वेळ एकसारखी हवी. पहाटे घर गारठलं तर त्याला श्वास घेता येणार नाही. आता मी या वयात तळघरात ओंडके वाहणार आहे का? म्हणून घर तापवणारी लाकडाची भट्टी काढून टाकली आणि विजेची बसवली, स्वयंपाकाची चूलही विजेची घेतली. आपल्याकडची वीज नदीवरच्या धरणांतून येते ना, ओनेझिमला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आता नदी जाळून घर तापवणार तुम्ही." खोकला येईपर्यंत हसला.

भट्टी गावातल्या तांग्वेने बसवली. दिसायला कपाटासारखी, ना राख ना धूर. पण मेली चालत नाही! सुरू होते, जरा वेळ छान गरम वारा येतो, मग आतून टक् असा आवाज येतो आणि गरम वारा गार होतो. बऱ्याच वेळाने परत टक्, परत गरम. तांग्वे दोनदा येऊन डोकं खाजवून गेला. तू जन्मभर लोकांच्या घरांत भट्ट्या बसवल्यास. बहिणीची एक चालवून दे.

तुझी वाट बघणारी,
ब्लांदीन

रुआँ, १० नोव्हेंबर १९८१

प्रिय ब्लांदीन,

ओनेझिमचं वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मी स्वतः आलो असतो, पण कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने बसमध्ये चढायला मनाई केली आहे, आणि मधल्या जंगलातला रस्ता या दिवसांत कसा असतो हे तुला सांगायला नको. तेव्हा माझे हात म्हणजे तूच. मी सांगतो, तू कर.

आधी त्या टक्-बद्दल. भट्टीत तापणाऱ्या तारांची वेटोळी असतात आणि पंखा त्यांच्यावरून हवा ढकलतो. हवा पुरेशी फिरली नाही तर तारा लाल होतात, आणि काही जळायच्या आत एक कळ आपोआप वीज तोडते. तोच तुझा टक्. तेव्हा भट्टी बिघडलेली नाही, उलट शहाण्यासारखी वागते आहे. तिला हवा मिळत नाही एवढंच.

फिल्टर बाहेर काढून बघ. हसू नकोस, मी एका घरात फिल्टर प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट बसवलेला पाहिला आहे. मग मुख्य वीज बंद करून पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाब. अंगठ्याच्या जाडीइतका दबला तर ठीक. त्याहून जास्त दबला तर मोटर सरकवून घट्ट कर. थर्मोस्टॅट स्वयंपाकाच्या चुलीजवळ लावला असेल तर तिथून हलव, नाहीतर तुझं सूप उकळलं की त्याला वाटेल सगळं घर तापलं. आणि गरम हवा खोलीत सोडणाऱ्या जमिनीतल्या झडपा बघ, कुठे गालिचा किंवा कपाट आलं असेल तर सरकव.

ओनेझिमला सांग, नदी जळत नाही, फक्त जरा तापते.

तुझा बहिरा भाऊ,
नार्सिस

सें-सिरील, १९ नोव्हेंबर १९८१

प्रिय नार्सिस,

सगळं केलं. फिल्टर स्वच्छ. पट्टा ढिला होता, तांग्वेला समोर उभं करून तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि घट्ट करून घेतला. थर्मोस्टॅट खरोखरच चुलीशेजारी होता, तो बैठकीच्या भिंतीवर नेला. तांग्वे म्हणाला, "तुमचा भाऊ रुआँहून बघतो की काय?" म्हटलं, "ऐकू येत नाही ना, म्हणून लांबचं दिसतं."

झडपाही पाहिल्या. स्वयंपाकघर, बैठक, आमची झोपायची खोली, तिन्हीकडे उघड्या. तरी टक् काही थांबत नाही.

काल इस्पितळाची नर्स घर बघायला आली. चांगली पोरगी आहे. तिला मटारचं सूप वाढलं, म्हटलं पोट भरलं की माणसाची नजर मऊ होते. पण तिने पर्समधून थर्मामीटर काढून खोलीत ठेवला आणि सूप संपायच्या आत भट्टी टक् म्हणून बसली. ती हळूच म्हणाली, "मादाम, असं असेल तर मी सही करू शकत नाही." डिसेंबरच्या मध्याला परत येणार आहे. तेव्हाही असंच झालं तर ओनेझिम तिथेच, त्या हिरव्या भिंतींमध्ये जाणार.

रविवारी त्याला भेटले. बोलताना दम लागतो, म्हणून शब्द जपून वापरतो. तसा तो आधीही उधळत नव्हताच. मला बघितल्यावर तब्येतीचं नाही, माझं नाही, पहिला प्रश्न, "चालते का?" मी म्हटलं, "चालते." नार्सिस, मी खोटं बोलले.

ब्लांदीन

रुआँ, २७ नोव्हेंबर १९८१

प्रिय ब्लांदीन,

तू तीन खोल्यांच्या झडपा सांगितल्यास. तुझ्या घराला सहा खोल्या आहेत. त्या घरातल्या पत्र्याच्या नळ्या मीच टाकल्या होत्या, माझ्याशी हिशेब चुकवू नकोस.

वरचा मजला मिटवला आहेस ना?

तुला दोष देत नाही. आपल्याकडे सगळेच मिटवतात. आईही पहिला बर्फ पडला की जिन्याचं दार लावून त्यावर घोंगडं टांगायची. लाकडाच्या भट्टीला ते चालायचं, कारण तिला पंखा नव्हता. ऊब आपली आपण जिकडे वाट मिळेल तिकडे जायची. ही भट्टी वेगळी. ती सगळ्या घराच्या मापाची घेतली आहे. अर्धं घर बंद केलंस तर तिने तापवलेली हवा जायची कुठे?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही भट्टी जेवढी हवा देते तेवढी परत मागते. वरच्या हवेला खाली यायला मी वेगळी नळी टाकली नव्हती, त्यासाठी भिंत फोडावी लागली असती. वाट एकच आहे. स्वयंपाकघराच्या छतातली ती जुनी, रुंद भोकांची लोखंडी जाळी, जी रेजाँच्या खोलीच्या जमिनीत उघडते. पूर्वी तिच्यातून चुलीची ऊब वर त्याच्याकडे जायची. आता तिच्यातून वरची गार हवा खाली यायला हवी.

तेव्हा जिन्याचं दार उघड, वरच्या सगळ्या झडपा उघड, आणि ती जाळी मोकळी कर. मी काय मागतो आहे ते मला कळतं, ब्लांदीन. दुसरा इलाज असता तर मागितलं नसतं.

नार्सिस

सें-सिरील, ४ डिसेंबर १९८१

नार्सिस,

नाही.

तांग्वेनेही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली आणि तो गेल्यावर वरच्या झडपा लावून टाकल्या. नळ्या बघायला वर जायचं का असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "वर काही नाही." बघ, तुला आता सगळं सांगून टाकते.

रेजाँला जाऊन येत्या मार्चमध्ये तीन वर्षं होतील. एकुलता एक पोर, तळ्यावरचा बर्फ अजून धरून आहे म्हणाला आणि बर्फावरची मोटरस्लेज घेऊन गेला. बर्फाने धरलं नाही. त्याला पुरलं त्याच संध्याकाळी ओनेझिम वर गेला. बराच वेळ वरच होता. मग दार बंद केल्याचा, कुलपाचा आवाज आला. खाली येऊन मला म्हणाला, "जाळी बुजवली. रिकाम्या खोलीसाठी लाकूड जाळायचं नाही." बस्स. आपल्या पोराबद्दल या माणसाचं शेवटचं बोलणं हे! त्यानंतर त्याच्या तोंडून रेजाँचं नाव मी ऐकलेलं नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. मी रडत बसले तर उठून गोठ्यात जायचा. त्याची खुर्ची वर्षानुवर्षं त्या जाळीखाली असायची, तीसुद्धा उचलून खिडकीशी नेली. कारण काय, तर वारा लागतो. बुजवलेल्या जाळीतून वारा!

मी माणसाशी लग्न केलं की ओंडक्याशी, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि आता त्याला ऊब मिळावी म्हणून मी ते दार उघडू? मुलाचा पलंग, मुलाची पुस्तकं, मुलाचा वास, सगळं बघू, आणि तेही या माणसासाठी? लाकूड वाया जाईल म्हणून ज्याने ते बुजवलं त्याच्यासाठी? माझ्याच्याने होणार नाही. दुसरं काहीतरी शोध.

ब्लांदीन

रुआँ, ९ डिसेंबर १९८१

प्रिय ब्लांदीन,

दुसरं काही नाही. तीन दिवस कागदावर नळ्या काढून पाहिल्या.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नर्स पुढच्या आठवड्यात येईल. तो ओंडका असेल तर असो, तुझ्या घरातला ओंडका आहे, आणि त्याला घरी यायचं आहे. तुला एकटीने वर जायचं नसेल तर जेर्मेनला घेऊन जा. ती नाहीतरी सगळं ऐकतेच, एकदा बघू दे.

तुझा,
नार्सिस

सें-सिरील, १७ डिसेंबर १९८१

प्रिय नार्सिस,

एकटीच गेले.

किल्ली शोधावी लागली नाही. इस्पितळाने ओनेझिमचे कपडे पिशवीत भरून दिले होते, त्या पँटच्या खिशात होती. गोठ्याची नाही, गाडीची नाही, तेवढी एकच किल्ली तो अंगावर ठेवून होता. तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं.

खोलीत इतका गारठा होता की भिंतीला दव गोठलेलं. मी कुठेही न बघता सरळ जाळीकडे गेले आणि गुडघ्यांवर बसले. मला वाटलं होतं गोणपाट असेल, जुनी वर्तमानपत्रं असतील. नार्सिस, त्या जाळीवर रेजाँचा लाकूडतोडीचा लाल चौकड्यांचा कोट होता. कोंबलेला नव्हता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या छातीवर दुमडलेल्या, कॉलर नीट केलेली. मेलेल्या माणसाला नीट करतात तसा त्या चौकटीत निजवलेला.

खिशात काहीतरी गोळा लागला. लोकरीचा एक मोजा, गुंडाळलेला.

तुला तो खेळ आठवतो का? तू उन्हाळ्यात यायचास, तेव्हा कदाचित पाहिला नसशील. थंडीत ओनेझिम पहाटे उठून चूल पेटवायचा आणि जाळीखाली चहा घेऊन बसायचा. रेजाँ वर जागा झाला की पलंगातूनच हात काढून जाळीतून मोजा खाली सोडायचा. बरोबर बापाच्या डोक्यावर, नाहीतर चहात. ओनेझिम आळशाला शिव्या घालायचा आणि दुसरा कप भरायचा. पोर सहा वर्षांचं होतं तेव्हापासून ते चोवीस वर्षांचं झालं तोपर्यंत. त्या शेवटच्या सकाळीही टाकला होता, मी भांडी घासत होते, शिव्या मला ऐकू आल्या होत्या. तो मोजा ओनेझिमने ठेवून दिला होता. जोडीतला दुसरा अजून वर खणात आहे.

तो खुर्चीत बसून वर बघू शकत नव्हता. एवढंच होतं. आणि मी त्याला ओंडका म्हणत राहिले. मी त्या गार जमिनीवर बसून दोघांसाठी एकदमच रडले, एक गेलेला आणि एक जाणारा.

मग उठले आणि सगळ्या झडपा उघडल्या. भट्टी लागली. मी वाट बघत बसले, टक् आलाच नाही. परवा नर्स आली, तिने दोन वाट्या सूप घेतलं, थर्मामीटर बघितला आणि सही केली. तेविसाव्या तारखेला आणणार आहेत.

मला एकच भीती आहे. त्याला ती उघडी जाळी दिसेल.

ब्लांदीन

सें-सिरील, ६ जानेवारी १९८२

प्रिय नार्सिस,

ओनेझिम घरी आहे, म्हणून आधी लिहायला झालं नाही. त्याचा पलंग स्वयंपाकघरातच लावला आहे, तिथून त्याला खिडकी, चूल आणि मी, तिन्ही दिसतात.

आणलं त्या दिवशी स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना त्याचे डोळे छताकडे गेले. तो बघतच राहिला. मी हात पुसत उभी. म्हटलं, "भट्टीला लागते ती. नार्सिसने सांगितलं." म्हणाला, "कोट?" मी म्हटलं, "पेटीत ठेवलाय. बटणं लावूनच." त्याने माझा हात धरला. सोडवायची घाई दोघांनाही नव्हती. आम्ही तीन वर्षांत बोललो नव्हतो ते सगळं त्यातच झालं. भट्टीच्या वाऱ्यावरही टोमणा मारला त्याने, "नदी बरी तापलीय."

आता नव्या वर्षाच्या सकाळचं सांगते. आपल्याकडे त्या दिवशी मुलाने गुडघे टेकून बापाचा आशीर्वाद मागायचा. रेजाँ आळशी, तो वरूनच जाळीतून ओरडायचा, "पापा, आशीर्वाद!" आणि मोजा टाकायचा. ओनेझिम ओरडायचा, "आधी खाली ये! गुडघे काय वर ठेवलेस?" त्याला खाली यावंच लागायचं. तो गेल्यापासून आमच्याकडे कुणी मागितला नाही, ओनेझिमने कुणाला दिला नाही.

त्या सकाळी मी ओनेझिमला चहा पाजला आणि वर गेले. कशाला गेले ते मलाच माहीत नव्हतं. खणातून दुसरा मोजा काढला, गुंडाळला, जाळीशी बसले. खाली त्याचा चेहरा दिसत होता, उशीएवढाच पांढरा. आशीर्वादाची हाक रेजाँची, ती मी कशी मारू? मग नुसताच मोजा सोडला.

त्याच्या छातीवर पडला. मला वाटलं, हे काय करून बसले मी, श्वास अडकेल त्याचा. त्याने मोजा चाचपला, वर बघितलं. मी मागे सरकले होते, त्याला मी दिसत नव्हते. मग त्याचा तो काडीसारखा हात हळूहळू वर उठला आणि त्या जाळीकडे बघून त्याने हवेत क्रूस काढला. सगळा काढला, घाई न करता. आणि म्हणाला, "आळशी."

मी खाली आले तेव्हा तो मोजा गालाशी धरून रडत होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं. मी शेजारी पडून राहिले. घर गरम होतं, नार्सिस. सगळं घर.

ब्लांदीन

रुआँ, ११ फेब्रुवारी १९८२

प्रिय ब्लांदीन,

बसने कंबर मोडली, पण आलो नसतो तर मन मोडलं असतं. ओनेझिमला पोचवायला निम्मं गाव आलं होतं. जेर्मेन तर सगळ्यांत जास्त रडली. तू शवपेटी बंद करताना त्याच्या कोटाच्या खिशात काहीतरी ठेवलंस ते मी पाहिलं. विचारलं नाही, काय होतं ते मला कळलं.

आता तुला एक सांगायचं आहे. जेवणाच्या वेळी मी बराच वेळ दिसलो नाही, तेव्हा मी तळघरात होतो. वर इतकी माणसं, इतक्या चेहऱ्यांकडे बघून मान हलवायची, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. भट्टीजवळ बरं वाटतं मला. म्हटलं, तुझ्यासाठी काहीतरी करून जावं. मी तापणाऱ्या तारांचं एक वेटोळं सोडवून ठेवलं आणि पंखाही जरा हळू केला. आता ती भट्टी अर्ध्या घराच्या मापाची झाली आहे. तू वरचा मजला पूर्वीसारखा मिटवून टाक, जाळी बुजव, दार लाव. टक् होणार नाही. एकट्या बाईला तीन खोल्या पुष्कळ झाल्या, आणि रोज त्या जाळीखाली बसून जेवायची तुझ्यावर सक्ती नको.

तब्येतीला जप. उन्हाळ्यात ब्लूबेरी पिकल्या की येईन.

तुझा,
नार्सिस

सें-सिरील, १९ फेब्रुवारी १९८२

प्रिय नार्सिस,

तुझ्या मनात काय होतं ते मला कळलं, आणि त्यासाठी तुझे बहिरे कान दोन्ही हातांनी धरून तुझा मुका घ्यावासा वाटला. पण मी तांग्वेला बोलावून ते वेटोळं परत जोडून घेतलं. पंखाही पहिल्यासारखा केला. तो म्हणाला, "मादाम, तुम्ही एकट्या, एवढी ऊब कशाला?" मी म्हटलं, "तुझं काम कर."

वरचा मजला उघडा आहे. रेजाँच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. ओनेझिमची खुर्ची खिडकीपासून उचलून परत जाळीखाली आणली. सकाळी तिथे चहा घेऊन बसते. भट्टी लागली की रेजाँच्या खोलीतली हवा जाळीतून खाली उतरते, माझ्या मानेवर येते. गार असते, म्हणून शाल घेते.

एक मोजा ओनेझिमबरोबर गेला, तो तू पाहिलासच. दुसरा मी वर जाळीच्या अगदी कडेला ठेवला आहे. पंखा सुरू झाला की तो जरासा हलतो. कप हातात धरून मी वर बघत राहते. वर कुणी नाही हे मला माहीत आहे रे. तरी दर वेळी वाटतं, आता पडेल.

तुझी,
ब्लांदीन